कापसाचा धूर

कुलर माळ्यावरून खाली आला की माझं डोकं फिरतं. शीतलला, माझ्या बायकोला, हे आता पाठ आहे. ती टाकीत पाणी ओतता ओतता म्हणते, "लागला तुमचा मौसम."

मार्च संपता संपता आम्ही जुन्या ताट्या काढतो, नव्या गवताच्या बसवतो आणि पंप सुरू करतो. घरभर ओल्या गवताचा वास पसरतो. नागपूरकराला उन्हाळा लागल्याचं या वासावरून कळतं, उन्हाचं काय, ते नंतर येतंच. बाकीच्यांना त्या वासाने गार वाटत असेल. मला त्यात एक टेबल दिसतं. टेबलावर निळं कापड, कापडावर राखेच्या रंगाच्या माझ्या चार क्रूझर, आणि त्यांच्या मागे पसरत जाणारा पांढरा कापूस. तो कापूस मी माझ्या हाताने पसरला होता. दोन वर्षं झाली, पण कुलरची पहिली झुळूक अंगावर आली की कानशिलं तापतात.

छोट्या जहाजांची लढाई हा खेळ नागपुरात कोणी खेळत असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही. समुद्र इथून कुठल्याही बाजूने लांबच. मी स्वतः समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. पण आमचे इंजिनीअरिंगचे पाठक सर निवृत्त झाले आणि मनीषनगरातल्या त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात रविवारच्या दुपारी समुद्र मांडू लागले. जेवणाची दोन टेबलं जोडायची, वर निळं कापड अंथरायचं, आणि त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी धातूची जहाजं, शंभर वर्षांपूर्वीच्या बनावटीची. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकून तोफ लागली की नाही ते ठरवायचं. लढणारे दोन्ही देश सरांनी मनाने रचलेले. "खऱ्या लढाया नकोत," ते म्हणत, "तिथे खरी माणसं मेलेली असतात."

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. जहाज ज्याने रंगवलं त्याने त्याचं नाव ठेवायचं आणि तळाला बारीक अक्षरांत लिहायचं. जहाज बुडालं की ते उलटं करून टेबलाच्या कडेला ठेवायचं, आणि ताफ्याच्या प्रमुखाने ते नाव मोठ्याने वाचायचं. सोबत कशाने बुडालं तेही सांगायचं. तोफ, टॉर्पेडो, सुरुंग, जे असेल ते. हे होईपर्यंत पुढची चाल नाही. कोणी घाई केली तर सर हात वर करत. "एवढ्याशा धातूत चारशे माणसं आहेत असं धरा. न बोलता कोणी बुडायला नको."

न बोलता कोणी बुडायला नको. हे वाक्य मी त्या काळी घरी येऊन आईला सांगितलं होतं.

आई म्हणाली, "चांगला माणूस दिसते गा तुझा सर."

चांगलाच माणूस. इथेच तर माझी पंचाईत आहे. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, एकदा रागावलं की विषय संपतो. पाठक सरांनी मला शेवटच्या वर्षाला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. माझं इंग्रजी कच्चं होतं. खापरखेड्याच्या शाळेत आम्ही इंग्रजी वाचायचो ते ओरडून, सगळे मिळून, म्हणजे कोणाचं चुकलं ते कळू नये. सरांनी मला हळू आवाजात वाचायला शिकवलं. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा ताटलीत चमचा घेऊन पोहे खाल्ले आणि कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी "मले" म्हणालो की ते "मला" म्हणत, रागावून नाही, जणू माझंच वाक्य पुढे नेत आहेत असं. माझे आजोबा छप्पनच्या दीक्षेच्या त्या गर्दीत होते, बाबा वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. घरात पदवीचा कागद आला तो माझा पहिला. त्या कागदामागे खूप जणांचे हात आहेत आणि त्यांतला एक हात पाठक सरांचा आहे. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

हलकी क्रूझर म्हणजे काय ते सांगायला हवं. ताफ्यात मोठ्या युद्धनौका असतात. जाड चिलखत, मोठ्या तोफा, संथ चाल. त्यांच्या पुढे धावायला हलक्या क्रूझर. चिलखत जवळपास नाहीच, तोफा लहान, वेग मात्र भरपूर. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं, मागे सांगायचं, आणि मोठी तोफ आपल्याकडे वळली की वळून पळायचं. आणि मोठ्या नौकांवर वेळ आली की त्यांच्या आणि शत्रूच्या मधे जाऊन धूर सोडायचा. धुराआड मोठी नौका निघून जाते. क्रूझर धुराच्या अलीकडे, शत्रूच्या बाजूला राहते.

त्या उन्हाळ्यात सरांनी मला चार क्रूझर दिल्या, कोऱ्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या. म्हणाले, "या तुझ्या. तूच रंगव, तूच चालव." मी डबा छातीशी धरून बसने घरी आलो.

रंगवण्याचं काम मी खापरखेड्याला आईकडेच करायचो. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, साच्याच्या कडा बारीक कानशीने घासायच्या, मग खालचा काळपट थर. त्यावर करडा. करड्यावर ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता वरून फिरवायचा, म्हणजे कठडे, तोफांच्या नळ्या, शिड्या उठून दिसतात. मग पातळ काळं पाणी खाचांमधून सोडायचं. एप्रिलमध्ये आमच्याकडे रंग ब्रशवरच वाळतो. दोन रेघा ओढल्या की केस ताठ. मी डब्याच्या झाकणात ओलं फडकं ठेवून त्यावर बटर पेपर पसरायचो, रंग त्यावर मिसळायचो. तरी मधे पाणी प्यायला उठलं की साय धरलेली.

करडा कोणता, हा प्रश्न होता. सरांच्या पुस्तकात युद्धनौकांच्या करड्या रंगाची पानंच्या पानं होती. मी तीन-चार मिश्रणं करून पाहिली, एकही जमेना. एका दुपारी आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे दारात झटकू लागली. बाबांच्या पांढऱ्या बनियनवर वीज केंद्राच्या चिमणीच्या राखेचा तो बारीक थर. लहानपणापासून पाहिलेला. थोडा निळसर, थोडा मातट. मी बनियन हातातून घेतलं आणि उजेडात धरलं. तोच रंग केला. चारही क्रूझर त्या रंगाच्या झाल्या, आणि सरांनी त्या पाहिल्या तेव्हा एकेक तळहातावर घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाले, "हा करडा कुठून आणलास?" मी म्हणालो, "घरचा आहे सर."

आई येऊन चष्मा लावून बघायची. "येवढुशा जहाजात माणूस बसते का?"

"चारशे बसतात."

"मंग त्यायचा सयपाक कोण करते?"

नावं मी नद्यांची ठेवली. कन्हान, पेंच, कोलार, नाग. ज्या पाण्याजवळ वाढलो ती. नाग नदी आज काय झाली आहे ते नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण गावाला नाव तिनेच दिलं म्हणतात. मला वाटलं, एका जहाजाने तरी तिचं नाव वर काढावं.

त्या रविवारी मी चौघींना टेबलावर मांडलं तेव्हा सलीलने 'नाग' उचलून तळ वाचला. सलील म्हणजे सरांचा पुतण्या. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, हजरजबाबी, सगळ्यांना हसवणारा. ताफ्यातली सगळ्यात मोठी युद्धनौका कायम त्याच्याकडे.

"नाग? नाल्यावर कोणी क्रूझर चालवतं का यार?" आणि मग मला डोळा घालून, "तुमच्या तिकडे चालवत असतील."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही ओठ ताणले. तिकडे म्हणजे कुठे, हे मी त्याला विचारलं नाही. त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पुढच्या रविवारी वार्निश. रंगावर शेवटी मंद वार्निशचा फवारा मारावा लागतो, नाहीतर हाताळून रंग जातो. मी सरांना म्हणालो, बाहेर अंगणात सावलीला मारू. सर म्हणाले, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, फवारा हवेतच वाळून दाणे पडतील. त्यांचंही बरोबर होतं. पण आत कुलर धो धो चालू होता, आणि कुलरच्या ओल्या हवेत वार्निश मारलं की काय होतं ते आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. समुद्राकाठच्या माणसाने ती चूक केली नसती, त्याला दमट हवेची सवय असते. थंड कोरड्या देशातल्या पुस्तकात ती लिहिलेली नव्हती. आम्ही बाहेर भट्टी आणि आत पाऊस अशा घरात राहणारी माणसं, आम्हीच ती करू शकतो. सरांनी फवारा मारला आणि आमच्या डोळ्यांदेखत चारही जहाजांवर पांढुरकी साय चढली. राखेचा रंग गेला.

सलील वाकून बघत म्हणाला, "अरे वा, राहुलच्या क्रूझर गोऱ्या झाल्या. आता स्थळं येतील."

परत हशा. चूक सरांची होती. हसू माझ्या वाट्याला आलं. मी जहाजं गोळा करून खापरखेड्याला आणली आणि आठवडाभर त्या सायीशी झगडलो. शेवटी जवसाच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन हलक्या हाताने चोळलं, तेव्हा तो पांढरेपणा हळूहळू आत मुरला आणि खालचा करडा वर आला.

"तेल काहून घेतलं गा?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जहाजाले लावून राहिलो."

"सारं नको लावू. चटणीले ठेव."

त्या उन्हाळ्याचं मला चांगलं काही आठवत नाही असं नाही. दुपारी रस्ते ओस पडलेले असायचे, आणि त्या शांततेत फासे टेबलावर घरंगळल्याचा आवाज. सरांच्या पत्नी, काकू, कैरीचं पन्हं आणून ठेवायच्या, पेल्यांखाली निळ्या कापडावर ओली वर्तुळं उमटायची आणि सर म्हणायचे, "सुरुंग आहेत, सांभाळा." प्रकाश पारशिवनीहून मोटारसायकलने यायचा, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे दिसायचे. प्रकाश घोंगे माझा कॉलेजपासूनचा मित्र. घरची शेती आहे, स्वतः बँकेत आहे, टेबलावर तो विनाशिका चालवतो. धुरासाठी लागणारा कापूस तोच आणायचा, घरचा, सरकी काढलेला. त्याला थोडी काजळी चोळली की खरोखर धूर वाटायचा. बोटांनी ओढून ओढून तो जहाजांच्या मागे पसरायचा. कापसाच्या पलीकडचं दिसत नाही असं मानायचं. दिसत असलं तरी.

हे सगळं मला हवं आहे. म्हणूनच राग जास्त येतो. आवडतं घर आपल्याला दारातून दाखवलं जातं आणि मग कोणीतरी हळूच आठवण करून देतं की आपण पाहुणे आहोत.

शेवटचा रविवार. आमची बाजू मागे हटत होती. आमच्या बाजूला सर प्रमुख, सलीलची मोठी युद्धनौका, प्रकाशच्या विनाशिका आणि माझ्या क्रूझर. समोर प्रकाशच्या बँकेतले दोघे. माझ्या क्रूझर सगळ्यात आधी शत्रूला गाठून, मोजून, सांगून परत आल्या होत्या. एकही बुडाली नव्हती. सर खुश होते. म्हणाले, "आज ताफा उभा आहे तो राहुलच्या डोळ्यांवर."

सलीलच्या नौकेला तोवर तीन गोळे बसले होते. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "काका, हलक्या क्रूझर म्हणजे कोट्यातली जहाजं. चिलखत नाही, तोफ नाही, पण ताफ्यात जागा पक्की."

या वेळी हशा लगेच आला नाही. आधी एक क्षण गेला. कुलरचा आवाज त्या क्षणात फार मोठा झाला. मग समोरच्या दोघांपैकी एक हसला, मग दुसरा. प्रकाश मान खाली घालून कापूस विंचरत होता. मी सरांकडे पाहिलं. मी फक्त सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हात वर करतील, जसे नाव न वाचता पुढची चाल करणाऱ्यासाठी करतात.

सरांनी टेप उचलला. म्हणाले, "राहुल, मनावर घेऊ नकोस. चल, धूर सोड."

आणि मी धूर सोडला. प्रकाशने कापूस माझ्या हातात दिला आणि मी चारही क्रूझर वळवून सलीलच्या नौकेच्या आणि शत्रूच्या मधे नेल्या. कापूस ओढून पसरला. सलीलची नौका त्याच्या आड गेली. पुढच्या तीन चालींत कन्हान बुडाली, कोलार बुडाली, पेंच बुडाली. सरांनी तिन्ही नावं मोठ्याने वाचली. "कन्हान, तोफ. कोलार, तोफ. पेंच, टॉर्पेडो." प्रत्येक नावानंतर सगळे शांत राहिले, नियमाप्रमाणे. धातूच्या तुकड्यासाठी ती माणसं शांत राहिली. मग चहा आला. सलीलची नौका वाचली म्हणून त्याच्यासाठी टाळ्या झाल्या.

मला राग येतो तो मुख्यतः त्या चहाचा. तो कपात ओतला गेला, मी तो घेतला, साखर बरोबर आहे म्हणालो.

परतताना उड्डाणपुलाखाली आम्ही रसवंतीवर थांबलो, प्रकाश आणि मी. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. प्रकाशने दुपट्टा सोडला आणि विचारलं, "तू काहून चूप राहिला?"

मी ग्लास खाली ठेवला. "तू काहून चूप राहिला?"

"मले कुठी म्हटलं त्यानं. तुले म्हटलं."

"म्हणूनच इचारतो. मी बोललो असतो तं म्हणले असते, याले झोंबलं. तू बोलला असता तं काय म्हणले असते?"

प्रकाश ग्लासातला बर्फ हलवत राहिला. मग म्हणाला, "सर बोलतीन असं वाटलं मले."

"मलेबी."

आम्ही दोघेही ज्याच्याकडे पाहत होतो त्याने टेप उचलला होता. त्याने मला मनावर घेऊ नकोस म्हटलं होतं. सलीलला काहीच म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी आईच्या गुडघ्यांचं कारण सांगून एकही रविवार गेलो नाही. सर फोनवर म्हणाले, "हरकत नाही, घर आधी." मी त्यांच्या समजूतदारपणावरही रागावलो. त्यांनी विचारायला हवं होतं. खोटं कारण ओळखण्याइतके ते मला ओळखतात. क्रूझर बुटांच्या खोक्यात, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर होत्या. कधी कधी मी खोकं उघडून बघायचो. कागदावर चिलखत पातळ असलेल्या या जहाजांनीच त्या दिवशी सगळं पाहिलं होतं, सगळं मोजून सांगितलं होतं. मोठ्या तोफा त्यांच्या डोळ्यांशिवाय आंधळ्या होत्या. तरी जागा मिळाली ती मेहेरबानी म्हणून, असं सगळ्यांच्या मनात ठरलेलं. मला परीक्षेत किती गुण होते ते पाठक सरांना माहीत होतं, कारण पेपर त्यांनीच तपासले होते. एवढं जरी ते बोलले असते.

लोक मला सांगतात, मोठं मन ठेव. शीतलही एकदा म्हणाली, सरांचे उपकार आहेत ना. आहेत. पण उपकार म्हणजे काही तोंडात कोंबलेला कापूस नाही. मी सरांचा ऋणी आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडून मला जे हवं होतं ते दुसऱ्या कोणाकडून नको होतं. सलीलचं मला काय. सलील रस्त्यात शंभर भेटतात, मी शाळेपासून त्यांना ओलांडत आलो आहे. चार वाक्यं होती त्या उन्हाळ्यात. तीन सलीलची, एक सरांचं. सगळ्यात खोल रुतलं ते सरांचं.

या वर्षी ताट्या बदलल्या त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज थोडा थकलेला. मागे त्यांच्या कुलरची घरघर.

"राहुल, क्रूझर तुझ्याकडेच आहेत ना? त्या नसल्या की ताफा आंधळा होतो रे. या रविवारी ये."

मी काहीतरी कारण सांगणार होतो. तोंडात आलेलं गिळलं आणि म्हणालो, "येतो सर."

शीतलने पोळ्या लाटता लाटता मागे वळून पाहिलं. "जाऊन राहिले का खरंच?"

"हो."

"भांडाले?"

"नियमाप्रमाणे खेळाले."

रविवारी दुपारी मी खोकं मांडीवर घेऊन सरांच्या हॉलमध्ये बसलो होतो. सगळं तसंच. जोडलेली टेबलं, निळं कापड, त्यावर मागच्या वर्षीच्या पेल्यांचे फिके डाग. काकूंनी पन्हं ठेवलं आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. सर वाकले आहेत थोडे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि मला क्षणभर वाटलं, जाऊ दे. खोकं उघडावं, जहाजं सरळ मांडावी, पाणी वाहून गेलं म्हणावं. तो क्षण मला फार जड गेला. ज्यांनी आपल्याला हळू आवाजात वाचायला शिकवलं, त्यांच्या घरात आपण आता काय मांडणार आहोत, याची मला भीती वाटली. त्यानंतर हे दार माझ्यासाठी बंद झालं तर ते मी बंद केलेलं असणार होतं.

"आले का आमचे डोळे," सलील म्हणाला. "मला वाटलं कायमचा बुडालास."

मी खोकं उघडलं. बनियनचे तुकडे बाजूला केले आणि चारही क्रूझर टेबलाच्या कडेला उलट्या ठेवल्या. तळाची नावं वर.

सर हसले. "अरे, खेळ सुरू व्हायचाय अजून."

"हो सर. त्या दोन वर्षांपूर्वी बुडाल्या. नावं वाचायची राहिली."

"तीन वाचली होती मी. चांगलं आठवतंय."

"ती तोफा-टॉर्पेडोने बुडालेली. या चार दुसऱ्या कशाने बुडाल्या. तेही सांगायचं असतं. त्याशिवाय पुढची चाल नाही, तुमचाच नियम आहे."

बँकेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना कळलं होतं. कळायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही, म्हणजे दोन वर्षं तेही ते विसरले नव्हते. हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं, आणि ते कळल्यावर राग कमी झाला नाही, वाढला.

त्यांनी पहिलं जहाज उचललं. उजेडाकडे धरलं. "नाग," त्यांनी वाचलं. त्याच आवाजात, ज्या आवाजात ते नेहमी वाचतात. मग थांबले. ओठ हलले, पण पुढचा शब्द येईना. सलील म्हणाला, "काय नाटक लावलंय यार, उन्हाचं." मला बोलायचं होतं. मी सरांकडेच पाहत राहिलो, अगदी त्या दिवशीसारखा. कुलर चालू होता. निळ्या कापडाची कडा हलत होती.

"मी सांगतो सर," प्रकाश म्हणाला. तो दारातच उभा होता, दुपट्टा अजून गळ्यात, कापसाची पिशवी हातात. "मी इथंच होतो."

तो टेबलापाशी आला. पिशवी त्याने टेबलावर ठेवली नाही, खाली जमिनीवर ठेवली. आणि सर वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून, तो म्हणाला, "नाग. सलील म्हणाला, नाल्यावर कोणी क्रूझर चालवतं का, तुमच्या तिकडे चालवत असतील. आम्ही सारे हसलो. मीबी हसलो."

सरांच्या हातात 'नाग' होती आणि बाकीच्या तिघी त्यांच्या हाताजवळ, ओळीने. शेवटची पेंच. ती कोणाच्या वाक्याची, हे सरांना सांगावं लागणार नव्हतं.

सलील खुर्चीतून पुढे झाला. "अरे प्रकाश, ते तर मी मजाकमध्ये..."

"थांब ना बे," प्रकाश म्हणाला. "अजून तीन आहेत."